तिसरी चुंबळ

बोरी अरबला पुंडलिकरावांनी पिठाची चक्की घातली ती एकोणीसशे अठ्ठावन्नच्या दिवाळीनंतर. इंजन बैलगाडीतून आलं. त्याला हार झाला, नारळ झाला. पहिल्या दळणाचं चिमूटभर पीठ त्यांच्या बायकोनं, शकुबाईनं, देवापुढे ठेवलं आणि हात जोडले. "माहूरच्या आई, या इंजनानं आम्हा बायाच्या हाताले विसावा देला. आता कोनाचा हात त्याच्या पट्ट्यात जाऊ देऊ नको."

पट्ट्यात कोणाचा हात गेला नाही. पण पुढच्या वर्षी पोळा झाला आणि आठच दिवसांत तिच्या सासऱ्यांचा उजवा हात गेला. नानाजी सकाळी तोंड धुवायला बसले होते. हातातला तांब्या सुटला, आणि तो उचलायला वाकले ते तिकडेच कलले. उजवं अंग लुळं पडलं. वाचा गेली. उरला एक हुंकार आणि एक "न... न...".

हा हात साधा नव्हता. शेती करून, वखर धरून, पुन्हा चाळीस वर्षं दर गुरुवारी गावच्या भजनात तबल्यावर बसणारा तो हात होता. नानाजींना कोणी उस्ताद म्हटलं नाही आणि त्यांनी म्हणवूनही घेतलं नाही. पण त्यांनी धुमाळी धरली की बेसूर गाणाराही सुधारून गातो, असं गावात म्हणत.

शकुबाई फुलसावंगीची. पंधराव्या वर्षी या घरात आली तेव्हा पहाटे जात्यावर बसली की माहेर आठवून रडायची. पीठ ओलं होईल म्हणून तोंड बाजूला करून रडायची. सासू नव्हती. नानाजींनी तीन-चार दिवस ऐकलं आणि मग पहाटेच तबल्याची गवसणी सोडली. "सुनबाई, म्या आपला हात फिरवत बसतो. तू ठेक्यावर दळत जाय. जातं हलकं लागते." सुनेला सासऱ्यानं समजावणं त्या काळी घरात होत नसे, म्हणून बिचाऱ्यांनी तबल्याकडून समजावलं. तेव्हापासून शकुबाईचं जातं आणि नानाजींचा, तिच्या मामाजींचा, ठेका अशी जोडीच झाली. चक्की आली, जातं माजघराच्या कोपऱ्यात तसंच राहिलं, पण ती गोष्ट शकुबाई विसरली नव्हती.

बाई बोलायला मोजकी. चौथीपर्यंत शिकलेली, पोथी सावकाश वाचणारी. काही बिघडलं की आरडाओरडा न करता कमरेवर हात ठेवून त्या वस्तूकडे पाहत उभी राहायची. पुंडलिकराव हसत, "पाह्यल्यानं दुरुस्त होते काय वं?" ती म्हणे, "न पाहता तं बिलकुलच होत नाई."

दुखण्याला तीन महिने झाले. दारव्ह्याच्या वैद्यांनी सांगितलं होतं, रोज दुपारी अंगणात उन्हाला बसवा, कोमट तेल चोळा, मग आत नेऊन निजवा. सकाळी तो हात लाकडासारखा असे. संध्याकाळी दिवा लागला की नानाजींचे डोळे मिटत. दुपारी तेलानंतरची घटकाभरच काय ती त्या हातात ऊब राही.

अशाच एका दुपारी चक्कीचा पट्टा तुटला. पुंडलिकराव पट्टा शिवून आणायला गेले आणि घर एकदम शांत झालं. शकुबाईला काय वाटलं कोण जाणे, तिनं फडताळातून फोनो काढला. चावीचा फोनो, घरात त्याला बाजाही म्हणत. दारव्ह्याच्या एका वकिलांनी भजनावर खूश होऊन तो नानाजींना दिला होता. तबकड्या तीन होत्या. एक पडून फुटली, एक कोणीतरी उन्हात ठेवली ती पापडासारखी वाकली. राहिली एक. एका बाईचं भजन, मागे धुमाळीचा ठेका. शकुबाईनं चावी दिली, सुई टेकवली.

तबकडी अर्ध्यावर आली असेल. गोधडीवर पडलेल्या उजव्या हाताचं पहिलं बोट हललं. एकदा. मग थांबून परत. ठेक्याच्या समेवरच.

शकुबाईनं जवळ वाकून पाहिलं. तबकडी संपल्यावर परत लावली. बोट परत हललं. नानाजी आपल्याच बोटाकडे असे पाहत होते, जसं गावाहून खूप दिवसांनी कोणी आलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारव्ह्याहून वैद्य आले. ते म्हणाले, "बाई, हेच औषध. रोज तेल झालं की लावत जा. बोट जेवढं चालेल तेवढं चालू द्या. पण खंड नको. वरीस गेलं की मग तो हात नाही यायचा."

त्या दुपारी तेल झालं, तबकडी लागली, आणि भिंतीपलीकडे इंजन सुरू होतं. ढक्, ढक्, ढक्. चक्कीची खोली आणि माजघर यांच्यामध्ये एकच भिंत. इंजनाच्या धक्क्यानं सुई दोन ओळी धड गायली आणि उडाली. "देवा तुझ्या... देवा तुझ्या... देवा तुझ्या..." बाई तिथंच अडकली. शकुबाईनं सुई पुढे केली, ती परत उडाली. नानाजींचं बोट हललं, अडखळलं, थांबलं. ज्या माणसानं चाळीस वर्षांत कोणाची मात्रा चुकू दिली नाही, त्याच्या कानाशी ठेका तुटत होता. त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर आलं.

"इंजन बंद करतो," पुंडलिकराव म्हणाले. केलंही. पण ते इंजन मोठं हट्टी. एकदा थंड झालं की फिरवून फिरवून माणसाचा खांदा निघे. त्या दिवशी ते सुरू व्हायला दीड घंटा लागला. दळण घेऊन दोन-दोन कोसांवरून आलेल्या तांड्यावरच्या बाया ओसरीत ताटकळल्या आणि अंधारात डोक्यावर पीठ घेऊन परत गेल्या. नानाजींना खिडकीतून ते दिसत होतं. दुसऱ्या दिवशी पुंडलिकराव इंजनाकडे निघाले तशी नानाजींनी डावा हात वर केला. "न... न..."

मग शकुबाई कमरेवर हात ठेवून फोनोकडे पाहत उभी राहिली.

फोनो तिवईवर होता. तिवईचे पाय लटपटते. तिला वाटलं, हलकं आहे म्हणून हलतं. घरात सगळ्यांत जड काय? जातं. जमिनीत माती-शेणानं पक्कं बसवलेलं, दोन माणसांनाही न हलणारं. जात्यावर बाजा ठेवायचा म्हणजे तिला जरा अवघडल्यासारखं झालं. तिनं जात्याला हळदकुंकू लावलं. "बाई, तुह्यावर दळलं तवा याच ठेक्यानं साथ देली. आता तू दे." आणि फोनो ठेवला.

सुई पहिल्या ओळीतच उडाली. तिवईपेक्षा वाईट! वरच्या तळीवर हात ठेवला तर तळी गुणगुणत होती. जातं जमिनीत रुतलेलं, आणि जमिनीतूनच तर इंजन येत होतं.

"आता काय करून राह्यली?" दारातून आवाज आला. तांड्यावरची सुखीबाई. ज्वारीची पाटी ओसरीत उतरवून ती रोजच्यासारखी पाणी प्यायला आत आली होती. हातभर पांढऱ्या बांगड्यांची बलोयं, कपाळावर घाम, आणि चुंबळ मनगटात अडकवलेली.

"फोनोले जागा पाहून राह्यली."

"जात्यावर? अवं याडी! उद्या त्यातून गाण्याचं पीठ पडन!"

शकुबाईला हसू आलं. पण सुखीबाईसमोर पाण्याचा तांब्या ठेवताना तिला एक दिसलं. तांब्यातलं पाणी थरथरत होतं. बारीक वर्तुळं उठत होती, मध्यात येऊन मिटत होती. तिनं वाटीत पाणी घेतलं आणि घरभर फिरली. जमिनीवर ठेवलं, वर्तुळं. कोनाड्यात ठेवलं, वर्तुळं. स्वयंपाकघरात तर फळीवरची ताटंच दिवसभर आपसात कुजबुजत, तिथं काय पाहायचं. अंगणात कमी होती, पण तिथलं ऊन, आणि तबकडी ही शेवटची.

"माणूस विहिरीले पाणी पाह्यते तशी फिरून राह्यली ही," सुखीबाई म्हणाली.

पुढचे चार दिवस घरात हेच. पुंडलिकरावांनी दोर लावून पाट आढ्याला टांगला. बापासाठी तोही माणूस रात्रंदिवस त्याच विचारात होता. पण आढं त्याच भिंतीवर टेकलेलं. वाटीतलं पाणी वर्तुळं काढायचं थांबलं नाही, उलट चावी दिली की अख्खा पाट झोके घेई. मग शकुबाईनं कापसाची गादी दुमडून तिच्यावर फोनो ठेवला. थरथर कमी झाली! तिनं देवाकडे पाहिलंसुद्धा. पण गादी एका बाजूनं दबत गेली, फोनो कलला, आणि सुई सर्रकन घसरत तबकडीवरून आरपार गेली. तबकडीवर एक पांढरी रेघ उठली.

शकुबाईनं बोटानं ती रेघ पुसून पाहिली. पुसली गेली नाही. अशा आणखी चार रेघा, आणि मग लावायला काही उरणार नव्हतं. वैद्यांचं "खंड नको" तिच्या कानात होतं. त्या संध्याकाळी दिवा लावताना ती म्हणाली, "आई, हात कवा येईन ते तुह्यं तू पाह्य. म्या त्याच्यासाठी नाई भांडत. पन ठेका तेवढा तुटू देऊ नको."

दुसऱ्या दिवशी तेल झाल्यावर तिनं तबकडी लावली नाही. नुसतीच नानाजींजवळ बसली. तेव्हा नानाजींनी डावा हात उचलून खुंटीकडे केला. खुंटीला तबल्याची गवसणी टांगलेली होती. पोळ्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता.

शकुबाईला वाटलं, मामाजींना तबला पाहिजे. आता काय वाजवतील? पण नाही कसं म्हणणार! तिनं गवसणी काढली, तबला आणि डग्गा त्यांच्यासमोर ठेवले. नानाजींनी डाव्या हातानं तबला बाजूला लोटला. जोरात.

"मामाजी, काहून? तुमीच तं मागतला ना?"

"न... न..." ते रागावले होते. गवसणीत हात घालून ते काहीतरी शोधत होते.

आवाज ऐकून पुंडलिकराव आले. त्यांच्यामागे सुखीबाई, तिची पाटी आताच उतरली होती. नानाजींच्या हाती शेवटी ते लागलं. तबल्याखालची चुंबळ. जुन्या लुगड्याच्या चिंध्या वळून, वर कापड शिवून केलेलं वेढं. नानाजींनी ती गोधडीवर ठेवली आणि फोनोजवळच्या पाण्याच्या वाटीकडे बोट केलं.

शकुबाईला कळेना. सुखीबाईला कळलं. तिनं वाटी घेतली, खाटेवरची ती चुंबळ जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर वाटी मांडली.

भिंतीपलीकडे इंजन ढक् ढक् चाललं होतं. वाटीतलं पाणी स्थिर होतं. आढ्याचं प्रतिबिंब दिसत होतं त्यात.

"आता पाह्य!" सुखीबाई म्हणाली. "म्या आन् माह्या मायनं जिंदगी याच्यावर काढली. खाली पाय खड्ड्यात जाते, दगडावर आपटते, वर घागरीतलं पाणी हालत नाई. आमी याले इंढोणी म्हनतो. बुढा बाप्पा खाटेवरून शानपन करून राह्यला आन् तुमी दोघं आढ्याले लटकून राह्यले!"

नानाजींच्या घशातून आवाज आला. हसण्याचाच असावा.

"गादी मऊ, जातं टणक," शकुबाई स्वतःशी बोलल्यासारखी म्हणाली. "हे दबलेलं हाय, पन दगड नाई झालं."

पण पुंडलिकरावांचा चेहरा उतरला होता. ते हळूच म्हणाले, "शकू, बाबाच्या तबल्याच्या चुंबळी बाज्याखाली घालायच्या? मंग तबला काय खुंटीवरच? म्हंजे आपनच म्हनतो ना, का आता त्याचं काम नाई."

हे शकुबाईच्याही मनात आलं होतं, फक्त तिनं ते तोंडाशी येऊ दिलं नव्हतं. तिनं चुंबळ उचलली आणि परत गवसणीत ठेवायला निघाली. नानाजींनी तिचं मनगट धरलं. डाव्या हातात जोर होता. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग सुनेकडे, आणि तिचा हात, चुंबळीसकट, फोनोच्या दिशेनं ढकलला. सावकाश. पुन्हा एकदा.

"बरं मामाजी," ती म्हणाली. "उसनी घेतो. तुमाले लागन तवा परत."

दोन चुंबळी ठेवून वर पाट ठेवला तर पाट डुगडुगला. तबल्याची लहान, डग्ग्याची मोठी.

"चुलीले दगड किती लागते?" शकुबाईनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता सुखीबाईच्या मनगटाकडे पाहिलं.

"अवं, मले पीठ न्यायचं हाय घरी!"

"तुही लग्नातली कवड्यावाली नाई मागत. हे रोजची."

"ते तं म्या माह्या सुनेलेई नाई देली अजून." सुखीबाईनं मनगटातून चुंबळ काढली. घामानं आणि वर्षांच्या ओझ्यानं काळी पडलेली, चपटी. "घे. ओढणी वळून घेईन डोक्यावर. पन गानं मले पूरं आयकव. येवढ्या दिसापासून ते बाई 'देवा तुझ्या, देवा तुझ्या' करून राह्यली. देवाचं काय, ते सांगतच नाई."

मोठी चुंबळ मागे, लहान दोन पुढे, आणि त्या दोन्हींखाली उंची भरायला पोत्याची घडी. पाट बसला. पाटावर फोनो. शकुबाईनं फोनोच्या झाकणाजवळ वाटी ठेवून पाहिली. पाणी हललं नाही. तिनं नवी सुई लावली, डोळे मिटून एकदा नाव घेतलं, आणि सुई टेकवली.

बाई गायली. "देवा तुझ्या" म्हणून पुढे गेली, कडव्यावर आली, काल पडलेल्या रेघेपाशी टक् टक् आवाज झाला पण सुई उडाली नाही. भिंतीपलीकडे इंजन आपलं काम करत होतं. तीन मिनिटं कोणी हललं नाही. फक्त गोधडीवर एक बोट समेवर पडत राहिलं.

तबकडी थांबल्यावर सुखीबाईनं डोळे पुसले आणि म्हणाली, "बस्, येवढंच होतं? मले वाटलं देव काही देईन शेवटी."

त्यानंतर रोज दुपारी तेल, मग तबकडी. चक्कीवर आलेल्या बाया दाराशी येऊन बसू लागल्या. सुखीबाईनं चुंबळ परत मागितली नाही, ओढणी वळूनच ती पाटी नेई, आणि रोज बोलून दाखवी, की माझं डोकं दुखतं ते या बाज्यापायी. संक्रांतीला नानाजींची दोन बोटं चालू लागली. शिवरात्रीला पंजा उचलून गोधडीवर पडायला लागला. शकुबाई ते कोणाला सांगत नसे. दृष्ट लागते म्हणून नव्हे, सांगितलं की लोक घाई करतात म्हणून.

होळी होऊन गेली होती. तेल झालं, शकुबाईनं चावी द्यायला घेतली, तर नानाजींनी डावा हात फोनोच्या झाकणावर ठेवला. झाकण लावून टाकलं.

तिनं चावी सोडली. "कंटाळले काय मामाजी? हेच हेच आयकून?"

नानाजींनी मान हलवली. ओठ जुळवले, सोडले, परत जुळवले. सहा महिन्यांत "न" शिवाय शब्द आला नव्हता. "चुं," ते म्हणाले. मग बराच वेळ गेला. "बळ."

 शकुबाईनं पदर खोचला, फोनो उचलून सरळ जमिनीवर ठेवला, पाट काढला आणि पुढची लहान चुंबळ, त्यांची, झटकून त्यांच्यासमोर ठेवली. गवसणीतून तबला काढून चुंबळीवर बसवला. त्यांच्या पाठीशी उशी लावली.

नानाजींनी डाव्या हातानं उजवा हात उचलून तबल्यावर आणून ठेवला. तिथून पुढे त्याचा तो. बोट वर गेलं, काठावर पडलं. आवाज आला तो बसका, ना सुरात ना जोरात. सहा महिने कोणी तबला लावला नव्हता. नानाजींनी तोंड वेडावलं, जसं ते एखाद्या नवशिक्याला वेडावत.

मग ते थांबले आणि त्यांनी मान कलती केली. भिंतीपलीकडून इंजन येत होतं. ढक्, ढक्, ढक्, ढक्. एकसारखं, न चुकणारं. नानाजींनी चार धक्के जाऊ दिले. पाचव्यावर बोट टाकलं. मग तीन सोडले, चौथ्यावर टाकलं.

ओसरीत पीठ भरत असलेल्या पुंडलिकरावांना ते ऐकू आलं की नाही कोण जाणे, पण ते पांढऱ्या झालेल्या हातांनी दारात येऊन उभे राहिले. शकुबाई जात्याच्या बाजूला बसली होती, तोंड बाजूला करून.

"काहून रडून राह्यली?" ते म्हणाले.

"इंजन नका बंद करू," ती म्हणाली. "मामाजी त्याच्यावर वाजवून राह्यले."

त्या दिवशी फोनो लागलाच नाही. संध्याकाळी शकुबाईनं आपलं एक जुनं लुगडं फाडलं आणि चिंध्या वळायला घेतल्या. दुसऱ्या दिवशी सुखीबाई आली तेव्हा तिच्यासमोर दोन चुंबळी होत्या. एक तिची जुनी, काळी, चपटी. एक नवी कोरी, आणि तिच्या कडेला शकुबाईनं, आपल्याला जमतील तशा, चार कवड्या टाकल्या होत्या.

सुखीबाईनं नवी हातात घेऊन उलटीपालटी केली. "टाका लंबा झाला," ती म्हणाली. "आन् कवडी उलटी लावली." मग जुनी शकुबाईकडे सरकवली. "हे राहू दे इथंच. बाज्याले सवय झाली तिची."

नवी चुंबळ डोक्यावर, तिच्यावर पिठाची पाटी, आणि ती उन्हात तांड्याच्या वाटेला लागली. घरातून तबल्याचा तो बसका आवाज येत होता, दर चौथ्या धक्क्याला एक. वळणावर ती थांबली, पुढचा येईपर्यंत उभी राहिली, आणि आल्यावर निघाली.